ज्यांच्या डोक्यावरून गाडी जाते

तोक्योतल्या उएनो स्थानकाहून सुटलेली शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, भुयारातून वर येते, तोक्योच्या घरांच्या छपरांना समांतर होते आणि मग बराच वेळ बेताबेताने चालते. हीच गाडी पुढे उत्सुनोमिया मागे पडलं की ताशी ३२० किलोमीटरने धावणार असते. पण उएनो ते उत्तरेचं ओमिया हे २६.७ किलोमीटर कापायला तिला १९-२० मिनिटं लागतात. खालच्या जुन्या रुळांवरून जाणारी साधी गाडी तेवढंच अंतर पंचवीस-सव्वीस मिनिटांत जाते. पहिल्यांदा या गाडीत बसलो तेव्हा वाटलं, पुढे सिग्नल नसेल. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं. तिसऱ्यांदा शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं, तर त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. आमच्या पुलाला खेटूनच दुसरे रूळ होते आणि त्यांवरून हिरव्या पट्ट्याची एक लोकल चालली होती, दाराशी माणसं उभी, हातात पिशव्या. "ती लोकल आणि आपला हा वेग," तो म्हणाला, "दोन्ही एकाच भांडणात ठरलं."

त्या भांडणाविषयी मला लिहायचं आहे. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी आपण जपानकडून गाडी घेतली, कर्ज घेतलं, रूळ टाकायची पद्धत घेतली. पण ज्या गावांवरून अशी गाडी न थांबता जाते त्या गावांचं देणं कसं फेडायचं, याचा धडाही जपानमध्येच आहे. तो आपण उघडून पाहिलेला नाही, आणि माझ्या मते तो गाडीइतकाच महत्त्वाचा आहे.

ओमिया म्हणजे मोठं देऊळ. स्थानकापासून थोड्या अंतरावर हिकावा देवस्थान आहे, आणि देवळाकडे जाणारी उंच झाडांची सावलीची वाट जवळपास दोन किलोमीटर लांब आहे. गावाची ओळख देवळाची. पण १८८५ मध्ये इथे रेल्वे स्थानक झालं, १८९४ मध्ये रेल्वेचा कारखाना आला, आणि मग ओमिया रेल्वेचं गाव झालं ते कायमचं. जपानचं मोठं रेल्वे संग्रहालयही २००७ पासून इथेच आहे. उत्तरेकडून येणाऱ्या सगळ्या शिंकान्सेन इथे एका दाव्याला बांधल्यासारख्या एकत्र येतात: होक्काइदो, आकिता, यामागाता, निइगाता, नागानो, कानाझावा. त्यांच्या खाली जुन्या मार्गांच्या गाड्या. एकट्या जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, गाड्यांत इथून रोज चढणारे प्रवासीच अडीच लाखांच्या आसपास आहेत.

स्थानकाची रचना एकदा डोळ्यांसमोर आणा, कारण पुढची सगळी गोष्ट या मजल्यांमध्ये आहे. सर्वांत वर शिंकान्सेनचे फलाट, १३ ते १८. त्याखाली दुसऱ्या मजल्यावर लांबरुंद मोकळी जागा, तिच्यात 'मामेनोकी' नावाचं एक उंच धातूचं शिल्प. मामेनोकी म्हणजे शेंगांचं झाड. "मामेनोकीपाशी भेटू" असं सांगितलं की ओमियात कुणी चुकत नाही. त्याच्या खाली जमिनीवर जुन्या गाड्या. आणि त्याच्याही खाली, जमिनीच्या पोटात, फलाट १९ ते २२. तिथून साइक्यो लाईनची लोकल सुटते. वरून उतरलेला माणूस बदली-फाटकावर शिंकान्सेनचं आणि साधं अशी दोन्ही तिकिटं एकत्र यंत्रात सारतो, पलीकडून पुढच्या प्रवासाचं एक तिकीट उचलतो आणि सरकत्या जिन्यांनी खाली खाली जात राहतो. मी दोन वर्षं हे केलं. सेंदाईला काम असायचं, राहायला तोदात होतो. ओमियाला उतरून तळाच्या लोकलमध्ये बसेपर्यंत पाच-सात मिनिटं लागायची. भारतातून आलेले पाहुणे वरच्या फलाटावर गाडीच्या चोचीसमोर फोटो काढायचे. मला त्यांना नेहमी खाली न्यावंसं वाटे.

खालची गाडी तिथे का आहे, ते आता सांगतो.

तोक्योहून उत्तरेकडे जाणाऱ्या तोहोकू शिंकान्सेनचा मार्ग १९७१ मध्ये ठरला. तोक्यो आणि ओमियाच्या मध्ये साइतामा प्रांताची तीन शहरं होती: तोदा, उरावा आणि योनो. या तिन्हींपैकी एकातही गाडी थांबणार नव्हती. सुरुवातीला सांगितलं गेलं की इथून भुयारातून नेऊ, तुम्हाला कळणारही नाही. पुढे १९७३ मध्ये भुयार रद्द झालं. आराकावा नदीकाठची जमीन मऊ, ती खचेल, असं कारण दिलं आणि भुयाराच्या जागी उंच पूल आला. म्हणजे आवाज यांचा, हादरे यांचे, घरं यांची पाडायची, आणि गाडीत बसायला यांनी ओमियाला किंवा उएनोला जायचं.

लोक बिथरले. त्यांची भीती हवेतली नव्हती. १९६४ पासून तोक्यो-ओसाका मार्गावर तोकाइदो शिंकान्सेन धावत होती आणि नागोया शहरात तिच्या पुलाशेजारी राहणाऱ्यांचे हाल सगळा देश वर्तमानपत्रांत वाचत होता. १९७४ मध्ये नागोयातल्या ५७५ रहिवाशांनी आवाज आणि हादऱ्यांविरुद्ध दावा लावला. तो मिटायला १९८६ उजाडलं. १९७५ मध्ये सरकारने शिंकान्सेनच्या आवाजाला मर्यादा घातली, निवासी वस्तीत ७० डेसिबल. असलेल्या मार्गावर लोकांना काय सोसावं लागतं, हे दिसत असताना नव्या मार्गाला गप्प राहून मान्यता कोण देईल? साइतामात रहिवाशांच्या संघटना उभ्या राहिल्या, नगरपालिकाही विरोधात गेल्या. पलीकडे तोक्योच्या किता वॉर्डातही तेच.

तोदातली माझी घरमालकीण सत्तरी ओलांडलेली होती. मी मनातल्या मनात त्यांना आजी म्हणायचो. तोदा शहरात १९८५ पर्यंत एकही रेल्वे स्थानक नव्हतं. १९६४ च्या ऑलिंपिकच्या नौकांच्या शर्यती इथल्या पाण्यात झाल्या, जगभरचे खेळाडू येऊन गेले, पण गावाला रेल्वे नव्हती. आजी लग्न होऊन आल्या तेव्हा कामावर जाणारा माणूस आधी बस पकडून वाराबी नाहीतर निशी-कावागुची स्थानकाला जायचा. पावसात बस रखडायची. सभांना त्या मूल पाठीला बांधून जायच्या. मी विचारलं, तुम्हाला शिंकान्सेन नकोच होती का? त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि जरा वेळाने म्हणाल्या, "गाडी नको असं कोण म्हणेल? पण ती आमच्या अंगणावरून जाणार आणि आम्ही पुन्हा बसच्या रांगेत. हे आम्हाला पटलं नाही." एवढंच. त्यात घोषणा नव्हती की राग नव्हता. मला मात्र आमचं सफाळं आठवलं. त्यावर पुढे येतो.

भांडण वर्षानुवर्षं चाललं. मग, सत्तरचं दशक संपता संपता, राष्ट्रीय रेल्वेने एक गोष्ट पुढे केली: शिंकान्सेनच्या पुलाला लागून लोकलचा वेगळा मार्ग बांधू, तुमच्या शहरांत स्थानकं देऊ. कागदोपत्री त्या मार्गाला नावसुद्धा नव्हतं. म्हणायचे, 'कामावर जाणाऱ्यांची नवी लाईन'. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी मान्य झाल्या. वस्तीतून जाताना शिंकान्सेनने वेग ताशी ११० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. आणि रुळांच्या दोन्ही अंगांना सुमारे २० मीटरची पट्टी मोकळी सोडायची, म्हणजे घर आणि पूल यांच्यात श्वास घ्यायला जागा राहील.

३० सप्टेंबर १९८५ ला ही लोकल सुरू झाली. नाव पडलं साइक्यो: साइतामाचा साइ आणि तोक्योचा क्यो. आकाबाने ते ओमिया १८ किलोमीटर, मध्ये दहा नवी स्थानकं, त्यांतली तीन एकट्या तोदाला. पुढच्याच वर्षी गाडी थेट शिंजुकूपर्यंत जाऊ लागली. बसच्या रांगेतला तोदाकर घरापासून चालत निघून तोक्योच्या पश्चिम भागात अर्ध्या तासाच्या आसपास पोचू लागला. आज तोदाची लोकसंख्या १ लाख ४० हजारांच्या घरात आहे. ती वाढली ती या तीन स्थानकांभोवती.

एका मागणीला किती फळं धरतात तेही पाहण्यासारखं आहे. नव्या लोकलच्या गाड्या उभ्या करायला ओमियाजवळ जागा मिळेना. म्हणून कारशेड कावागोए मार्गावर नेलं. तोवर त्या मार्गावर विजेच्या तारा नव्हत्या, डिझेलचे डबे धावायचे. कारशेडपर्यंत गाड्या न्यायच्या तर वीज हवीच, म्हणून त्याच दिवशी, ३० सप्टेंबर १९८५ ला, तो मार्गही विजेवर आला. ज्यांनी सभा घेतल्या नव्हत्या, मूल पाठीला बांधून कुठे गेले नव्हते, त्या कावागोएकडच्या खेड्यांनाही चांगली गाडी मिळाली.

ओमियाच्या उत्तरेला इना नावाचं छोटं गाव आहे. तिथे तोहोकू आणि जोएत्सू शिंकान्सेन एकमेकींपासून फुटतात, आणि त्या फाट्याने गावाचे तीन तुकडे केले. इनाकरांनी जमीन देताना अट घातली: आम्हालाही ओमियापर्यंत गाडी द्या. त्यांना 'न्यू शटल' मिळाली. २२ डिसेंबर १९८३ ला ती सुरू झाली आणि १९९० मध्ये उचिजुकूपर्यंत वाढली. एकूण १२.७ किलोमीटर, १३ स्थानकं. रबरी चाकांची ही लहानशी गाडी शिंकान्सेनच्याच पुलाला दोन्ही बाजूंनी काढलेल्या काँक्रीटच्या पाळीवरून जाते, सदऱ्याला बाहेरून खिसा शिवावा तशी. मी एका रविवारी रेल्वे संग्रहालयात जायला तिच्यात बसलो होतो. ओमिया सोडल्यावर पहिलंच स्थानक ते. शाळेची मुलं, बाजार करून निघालेले म्हातारे, एक बाई मांडीवर कुंडी घेऊन. तेवढ्यात शेजारच्या भिंतीपलीकडून शिंकान्सेन गेली. डबा किंचित हलला. कुणी मान वर केली नाही.

असा एकच पूल असतो, त्याच्या पाठीवरून दूरची माणसं जातात आणि कडेवरून जवळची. इनाने मागितलं नसतं तर कडेला नुसती भिंत असती.

आता आक्षेप घ्यायला हवेत, कारण ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप उशिराचा. तोहोकू शिंकान्सेन १९७० च्या दशकाच्या मध्यावरच धावायची होती. ती सुरू झाली २३ जून १९८२ ला, आणि तीही उएनोपासून नाही, ओमियापासून. दक्षिणेचा तुकडा तयार नव्हता. जोएत्सूही त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला ओमियापासूनच निघाली. मधल्या काळात उएनो-ओमिया अशी खास 'रिले' गाडी चालवली. ती २६ मिनिटांत ओमियाला यायची आणि मग सगळा गोतावळा सामानसुमान घेऊन वरच्या फलाटावर धावायचा. उएनोपर्यंत शिंकान्सेन जायला १४ मार्च १९८५ उजाडला. उशिराचं सगळं खापर रहिवाशांवर फोडतात ते मात्र मला मान्य नाही. १९७३ च्या तेलटंचाईने जपानची सगळीच मोठी कामं रखडली होती. तरी विरोधाने वेळ गेला, हे मी नाकारत नाही. माझं म्हणणं असं की तो वेळ कारणी लागला. तीन वर्षांपेक्षा कमी काळ प्रवाशांनी ओमियाला गाडी बदलायची दगदग सोसली. त्याच्या बदल्यात तिथल्या लोकांना चाळीस वर्षं होऊन गेली तरी रोज चालणारी लोकल मिळाली. हा हिशोब कुणाही घरच्या कर्त्या बाईला पटेल.

दुसरा आक्षेप पैशाचा. लोक म्हणतात, जपान श्रीमंत, त्याला परवडलं. ज्या राष्ट्रीय रेल्वेने हा मार्ग बांधला ती तेव्हा कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती. १ एप्रिल १९८७ ला तिचे तुकडे करून खासगीकरण झालं, तेव्हा डोक्यावर सुमारे ३७ लाख कोटी येनचं ओझं होतं. म्हणजे साइक्यो लाईन सुरू झाली ती रेल्वे मोडीत निघायच्या दीडच वर्ष आधी. शिलकीतून दानधर्म केला, असं ते नव्हतं. लोक हटेनात म्हणून द्यावं लागलं. एकदा दिल्यावर मात्र ती जपानमधल्या गर्दीच्या लोकलींपैकी एक झाली, इतकी की २००१ मध्ये रात्री उशिराच्या गाड्यांत बायकांसाठी वेगळा डबा ठेवावा लागला. गर्दीचा त्रास खरा आहे, मीही सकाळी तिच्यात चेंगरलो आहे. पण एवढी माणसं १९८५ च्या आधी होतीच की. ती बसच्या रांगेत होती म्हणून कुणाच्या आकडेमोडीत आली नव्हती.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, कबुली आहे. सगळ्यांना न्याय मिळाला नाही. ज्यांना पूल अजिबात नको होता ते हरले. घरं गेली ती गेलीच. मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांत कुठे बाग झाली, कुठे सायकलींचा तळ झाला, पण बऱ्याच ठिकाणी नुसतं कुंपण घातलेलं गवत आहे. आणि वेगाची मर्यादाही थोडी ढिली झाली: मार्च २०२१ पासून साइतामाच्या हद्दीत ती ११० वरून १३० केली. तोक्योच्या हद्दीत वळणंच इतकी कडक आहेत की तिथे वाढवता येत नाही. पण ही वाढ कशी झाली ते बघा. आधी आवाज अडवणाऱ्या भिंती उंच केल्या, आवाज शोषणारे पत्रे बसवले, त्यात कित्येक महिने गेले, आणि मगच वेग वाढला. एवढं करून वाचलं काय, तर सुमारे एक मिनिट. चाळीस वर्षांपूर्वी दिलेल्या शब्दाला हात लावायचा तर एका मिनिटासाठीही एवढं करावं लागतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. जपानी लोक मुळात शिस्तीचे, शांत, सरकारचं ऐकणारे, म्हणून त्यांचं सगळं सुरळीत होतं, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ओमियाच्या तळाशी उभं राहून हे पटत नाही. तिथली सुरळीत चालणारी लोकल न ऐकणाऱ्या लोकांनी मिळवलेली आहे.

आता सफाळ्याकडे येतो.

मी मूळचा तिथला. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू. लहानपणी आमच्या घरात घड्याळ शटलच्या वेळेवर लावलेलं असायचं. एक गाडी चुकली की पुढची केव्हा, याचं उत्तर तासांत असायचं, मिनिटांत नाही. भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटे निघणाऱ्या बाया फलाटावरच डुलकी काढायच्या. मुंबईची लोकल डहाणूपर्यंत यायला १६ एप्रिल २०१३ उजाडला. आजही विरारपुढे दोनच रूळ आहेत. त्यांवरूनच लोकल, त्यांवरूनच लांब पल्ल्याच्या गाड्या, त्यांवरूनच मालगाड्या. विरार-डहाणू ६४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. ते काम इतक्या वर्षांनंतरही प्रवाशांच्या हाती पडलेलं नाही.

याच पालघर जिल्ह्यातून बुलेट ट्रेन चालली आहे. ५०८ किलोमीटरच्या मार्गापैकी सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात, स्थानकं चार: वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर. १४ सप्टेंबर २०१७ ला साबरमतीला भूमिपूजन झालं, दोन देशांचे पंतप्रधान हजर होते. पालघरच्या कितीतरी ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. हा बहुतेक भाग अनुसूचित क्षेत्र. ग्रामसभेच्या शब्दाला तिथे कायद्याने वजन आहे. पुढे वाटाघाटी झाल्या, मोबदले ठरले, जमीन ताब्यात आली, आणि आता खांब उभे राहत आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत गाडी २१ किलोमीटर भुयारातून जाणार, त्यातले ७ किलोमीटर खाडीखालून. खाडी, खारफुटी, जागेची टंचाई, त्यामागची कारणं मला समजतात. पण त्याचा परिणाम एवढाच की महानगराच्या वाट्याला भुयार आलं आणि पालघरच्या वाट्याला पूल. तोदालाही आधी भुयाराचंच वचन होतं.

आणि पालघरवरून जाणारी ही एकटीच गोष्ट नाही. मालगाड्यांचा वेगळा मार्ग, दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्ग, वाढवणचं बंदर, सगळं याच जिल्ह्याच्या अंगावरून आणि किनाऱ्यावर. दर वेळी सांगितलं जातं की मोबदला दिला, आता काय हवं? मोबदला मिळतो तो ज्याच्या सातबाऱ्यावरची जमीन जाते त्याला. ज्याची जमीन गेली नाही पण घर पुलापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्याला काही मिळत नाही. कुळाने कसलेल्या, कागदावर नाव न चढलेल्या शेताचं काय? आणि ज्याला मिळाला त्याचाही पैसा लग्नात, घरात, आजारपणात जातो. हे दोष देऊन सांगत नाही, माझ्या नात्यात मी पाहिलं आहे. गावाला सामायिक असं त्यातून काही उरत नाही. गाडी सगळ्यांची असते. ज्याची एक गुंठाही जमीन नाही त्या पोरीलाही ती पालघरच्या कॉलेजात पोचवते आणि संध्याकाळी उजेडात घरी आणते.

कुणी म्हणेल, मग बुलेट ट्रेनच्या पुलाला लोकलचे रूळ जोडा, इनासारखे. मी तसं म्हणत नाही. आपला बुलेट मार्ग जुन्या रेल्वेपासून दूर, पूर्वेच्या डोंगरपट्ट्याजवळून जातो. माणसं जिथे राहतात आणि जिथे जातात ते बघता जुना मार्ग चौपदरी करणंच शहाणपणाचं. जपानमध्येही शिंकान्सेनचे रूळ रुंद, लोकलचे अरुंद. एकाच रुळावर दोन्ही गाड्या चालणारच नव्हत्या, म्हणून वेगळे रूळ टाकले. मुद्दा रूळ कुठे टाकता हा नाही. दोन्ही कामं एकाच करारात बांधली आहेत का, हा आहे. साइतामात जलद गाडी आणि लोकल एका गाठीत होती. उएनोची शिंकान्सेन मार्च १९८५ ची, साइक्यो सप्टेंबर १९८५ ची. सहा महिन्यांचं अंतर. आपल्याकडे बुलेट ट्रेनचं वेळापत्रक वेगळं, निधी वेगळा, पाठपुरावा करणारे अधिकारी वेगळे, आणि चौपदरीकरण दुसऱ्याच फाईलमध्ये दुसऱ्याच वेगाने. एकीला उशीर झाला की देशभर बातमी होते. दुसरीला उशीर झाला की पालघरच्या फलाटावर फक्त गर्दी वाढते.

कोकण रेल्वेच्या वेळी आपण हे एकदा भोगलं आहे. जमिनी कोकणी माणसाने दिल्या, आणि १९९८ पासून त्याच्या अंगणातून लांबच्या गाड्या शिट्टी मारत जात राहिल्या. आपल्या स्थानकावर एखादी गाडी थांबावी म्हणून गावोगावच्या लोकांनी निवेदनं दिली, उपोषणं केली. तेव्हा करार करताना मागून घ्यायचं राहिलं. नंतर मागितलेलं भीक वाटतं, आधी मागितलेला हक्क असतो. तोदाच्या आजींना हे सभांना जाऊन जाऊन कळलं होतं.

म्हणून माझी मागणी अगदी रोकडी आहे. विरार-डहाणूचे तिसरे-चौथे रूळ आणि बुलेट ट्रेन यांची तारीख एकत्र बांधा. विरार आणि बोईसरची नवी स्थानकं आजच्या लोकल स्थानकांपासून वेगळ्या जागी होत आहेत. तिथून जुन्या फलाटापर्यंत जाणारी बस पहिल्या दिवसापासून हवी, रस्ता आणि पायवाट त्याआधी. वस्तीतून जाताना आवाज किती होईल, तो कोण मोजेल आणि मर्यादा ओलांडली तर वेग कोण कमी करेल, हे ग्रामसभेच्या वहीत लिहून द्या. आणि बोईसरच्या नव्या फलाटावर पहिली गाडी फुलांच्या माळा घालून उभी राहील, त्या दिवशी सफाळ्याच्या जुन्या फलाटावर दर पंधरा मिनिटांनी लोकल येत असली पाहिजे, आणि तिच्यात टोपली ठेवायला जागा असली पाहिजे.